खिडकीतली चोरीची झाडं

१७ फेब्रुवारी

नवं वर्ष लागून दीड महिना झाला आणि आज पहिलं पान लिहितोय. एवढा उशीर केला, वही, माफ कर. कारण पांढरं आहे, चार पायांचं आहे आणि या क्षणी माझ्या टोपीत झोपलंय.

मुलगी गेली, आयचुरोक. रशियात कझानला, नवऱ्याकडे. नातीला, सेझिमलाही नेलं. शिवणकामाच्या कारखान्यात काम मिळालंय म्हणे. मांजर मागे, माझ्याकडे. नाव बिश्ताक – चीजच्या गोळ्यासारखं पांढरंफेक म्हणून नातीनं ठेवलेलं. जाताना तिनं माझी बाही धरली. "आजोबा, उन्हाळ्यात मी हिला न्यायला येणार. तोवर हिला काही होऊ द्यायचं नाही." आठ वर्षांची पोर, पण बजावणं अगदी आजीसारखं.

म्हणजे मांजर धड राहिलं तर उन्हाळ्यात पोर येणार. मी रोज तिचं नाक ओलं आहे का बघतो. माझा रक्तदाब मात्र कोणी बघत नाही!

२० फेब्रुवारी

लाळ! सकाळी बिश्ताकच्या तोंडातून लाळेची धार. पंज्यानं तोंड खाजवतेय, ओरडतेय. मी तिला कोटात घातली आणि धावलो. चपला घरातल्याच, बाहेर बर्फ.

गुरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई. इथल्या रीतीप्रमाणे मला अता, म्हणजे बाबा, म्हणते.

"अता, हिनं काय खाल्लं?"

"पोस्टातलं."

"पोस्टातलं काय?"

आता हिला काय सांगू! आमच्या घरात झाडांना नावं नाहीत. कानिशाय, माझी बायको, जिथून फांदी चोरायची ते त्या झाडाचं नाव. मोठ्या ठिपकेदार पानांचं ते पोस्टातलं. लाल फुलांचं, कान दुखला की ज्याचं पान कानात घालायचं, ते शाळेतलं. कोरफड दवाखान्यातली. इथे कुणाला झाड मागायचं नसतं. मागून आणलेलं जगत नाही, चोरलेलं जगतं, आणि कुणी दिलंच तर चुकूनही आभार मानायचे नाहीत, झाड वाळतं. चोरलेली फांदी गुंडाळायला कानिशाय पर्समध्ये कायम ओला रुमाल ठेवायची. मी दाराशी उभा राहून घाम पुसायचो.

बाईंनी तोंड धुतलं, औषध दिलं. मग एकेक झाड विचारलं. ठिपक्यांचं – विषारी. लाल फुलांचं – विषारी. कोरफड – मांजराला विषारी. रबराचं – तेही!

"अहो, त्या कोरफडीचा रस मधातून घालून मी मुलगी वाढवली!"

"मुलगी मांजर नव्हती, अता."

चालेल असं एकच निघालं. केसाळ पानांचं, जांभळ्या फुलांचं, बँकेतलं. बाकी सगळं घराबाहेर काढा म्हणाली. वर ठेवलं तर चालेल का? मांजर वर चढतं, अता. लिलीची फुलं तर दारातूनसुद्धा आणू नका, नुसता पराग चाटला तरी मूत्रपिंडं जातात. मी म्हटलं, लिली मला कोण देणार!

२२ फेब्रुवारी

झोप नाही. बिश्ताक बरी आहे. दोन्ही खोल्यांची दारं लावून बसलोय. खिडकीकडे जायचं असलं की मांजर न्हाणीघरात, मी खिडकीत. मांजर बाहेर, तर मी स्वयंपाकघरात. हे काय जगणं!

आयचुरोकचा फोन. "बाबा, सोपं आहे. फेकून द्या ती झाडं. आई आता थोडीच बघायला येणार आहे?"

मी फोन ठेवला. गॅस बंद आहे का बघायला गेलो. बंदच होता.

२३ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरची बुर्माकान आली. तिचा सल्ला उलटा. "मांजर सोडून द्या, केरिमबाय. बाजारात पोत्यानं मांजरं मिळतात. अशी झाडं मिळतात का?"

"आणि नातीला काय सांगू?"

"पांढरं दुसरं आणा."

ही बाई कानिशायची मैत्रीण! दोघी मिळून चोऱ्या करायच्या. एक कारकुनाशी बोलायची, दुसरी कुंडीशी.

शेवटी मीच म्हटलं, तू घेऊन जा. इथे फक्त एक जिनाच चढायचा. आली आठवण तर वर येऊन बघेन.

ती दचकली. "देताय? दिलेली झाडं माझ्याकडे आठवडा तरी टिकतील का? काहीतरी अभद्र बोलू नका. दार उघडं ठेवा आणि कचरा टाकायला जा. मी चोरते."

वय वर्षं एकाहत्तर. जिना चढताना गुडघा धरते. चोरते म्हणे!

२४ फेब्रुवारी

दार उघडं टाकलं. बिश्ताक कोटात. कचऱ्याच्या डब्यापाशी उभा राहिलो. रिकाम्या हातानं. तळमजल्यावरचा म्हातारा विचारतो, "काय टाकायचंय?" मी म्हटलं, "काही नाही, घरात चोरी चाललीय." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि आत गेला.

वर आलो. बघतो तर काय! शाळेतलं नेलं, दवाखान्यातलं नेलं, रबराचं नेलं – आणि बँकेतलंही नेलं! चालणारं एकच झाड होतं, तेच नेलं! आणि ते ठिपक्यांचं महाविष, खिडकीच्या मधोमध, जसंच्या तसं!

वर गेलो. "अगं, तेच न्यायचं होतं!"

"कानिशायचं सगळ्यात लाडकं ते. एकट्या माणसाच्या घरातून सगळ्यात चांगलं उचलायचं? मला काही लाज आहे."

"मग आता घेऊन जा."

"तुम्ही सांगितल्यावर ती चोरी कशी होईल?"

डोकं आपटायचं बाकी ठेवलं. परत कोट. परत मांजर. परत कचऱ्याचा डबा.

२५ फेब्रुवारी

खिडकी रिकामी. काचेतून थेट समोरच्या इमारतीतला माणूस दिसतो. तोही माझ्याकडे बघतो. इतकी वर्षं आमच्यामध्ये पानं होती ते बरं होतं.

२ मार्च

काही नाही. बिश्ताकनं पडदा खाल्ला. पडदा विषारी असतो का, डॉक्टरीणबाईला फोन करून विचारलं. नाही म्हणाली. जरा हसलीही.

८ मार्च

घडलं तसं लिहितो.

महिला दिन, म्हणून कानिशायच्या फोटोपुढे ठेवायला गोड पाव आणायला गेलो. परत येतो तर फोटोपुढे बरणीत एक पांढरं फूल. मोठं. वासानं खोली भरलेली. आणि बिश्ताकचं नाक केशरी!

लिली!

बुर्माकानच्या मुलानं तिला गुच्छ आणला होता. तिच्याकडे माझी किल्ली असते. झाडांचे आभार तर मानायचे नाहीत, मानले तर झाडं वाळतील – म्हणून बाईनं न बोलता एक फूल मैत्रिणीपुढे आणून ठेवलं. आणि लिलीचं मी तिला सांगितलंच नव्हतं! मला वाटलं होतं, लिली कोण आणणार.

ती जिन्यावर माझ्यामागे ओरडत होती, "अहो, काय झालं? फूल आवडलं नाही का?"

दवाखाना बंद. सुट्टी. डॉक्टरीणबाई घरून आली, केसांत कर्लर तसेच. नाक पुसलं, अंग पुसलं, पायाला सलाईन लावलं. "अता, सगळी झाडं काढलीत आणि लिली ठेवलीत?"

मांजर दवाखान्यातच ठेवून घेतलं. लघवी होते का बघायचं म्हणाली. झाली तर जगेल.

उन्हाळा तिथे त्या पिंजऱ्यात पडलाय.

९ मार्च

अजून नाही.

सेझिमचा फोन आला. बिश्ताक दाखवा म्हणाली. मी म्हटलं, झोपलीय. बुर्माकान शेजारीच बसली होती. सकाळपासून बसलीय. ना चहा घेतला, ना एक टोमणा मारला. हे असं मला अजिबात आवडत नाही.

१० मार्च

मुतली! डॉक्टरीणबाईच्या पांढऱ्या कोटावर मुतली! बाई हसते, मी हसतो, बुर्माकान रडते. "कोट मी धुऊन देते," म्हणते.

१४ मार्च

बिश्ताक घरी. बुर्माकान दोन परातींत ओले गहू घेऊन आली. नूरूझच्या, म्हणजे वसंतातल्या सणाच्या, सुमोलोक खिरीसाठी मोड काढायचे आणि तिच्या खिडकीत म्हणे जागा उरली नाही. का नाही उरली? माझ्या झाडांमुळे! म्हणून पराती माझ्या खिडकीत.

आधी दवाखान्यात फोन केला. गहू चालतो. उत्तम म्हणाली.

१९ मार्च

हिरवं उगवलंय. बिश्ताक गाईसारखी चरते. बुर्माकान बोंबलते, "यंदाच्या सुमोलोकमध्ये मांजराचे केस सापडले तर सगळ्या गल्लीला तुमचं नाव सांगेन!" बरं वाटलं. बाई पूर्ववत झाली. जाताना एकच परात नेली, दुसरी मुद्दाम विसरून गेली. मी आभार मानले नाहीत.

२३ मार्च

आयचुरोकचा फोन. सेझिमला तिकडे मांजर घेऊन दिलं. पांढरंच. "आता त्या बिश्ताकचं ओझं नको, बाबा. देऊन टाका कुणाला, आणि आईची झाडं खाली आणा."

मी म्हटलं, खिडकीत जागा नाही.

सेझिम उन्हाळ्यात येणार ना, विचारलं. बघू म्हणाली. बघू नको पोरी, काय ते कळव. लवकर कळव.