जयवंतच्या खताचा वाफा

अंधेरी,
१७ जानेवारी १९५७

प्रिय जयवंत,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा पोचलं. राजीनामा लिहून ठेवलायस, पहिल्या तारखेला साहेबांच्या हातात देणार आहेस, भाऊंना दिलेला शब्द आता मोडायचा नाही, हे सगळं वाचलं. वाचून पत्र कुंदाकडे दिलं आणि चार वाट्या वाल भिजत घातले. घरात खाणारी माणसं आता दोन, पण हातांना काहीतरी काम हवं होतं. तुझ्या वडिलांचा हट्ट तुझ्यात जसाच्या तसा उतरलाय, नाक तेवढं माझं आहे. राजीनामा द्यायच्या आधी हे पत्र पुरतं वाच. अर्धं वाचून उठायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

भाऊंच्या दहाव्याला बायका तळ्यावर जात नाहीत, तरी मी आले होते. काकूंनी नाकं मुरडली, मुरडू देत. बत्तीस वर्षं ज्यांना वाढलं, त्यांचं शेवटचं पान मी घरात बसून कशी पाहणार होते? पिंड ठेवला आणि कावळे समोरच्या चिंचेवर नुसते बसून राहिले. तू म्हणालास, आईला अंतर देणार नाही. नाही आले. कुंदाच्या लग्नाचं मी बघीन म्हणालास. नाही. पाऊण तास झाला, ऊन डोक्यावर आलं, भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा तू हात जोडून मोठ्याने म्हणालास, “भाऊ, मी ती खतकंपनीची नोकरी सोडतो.” आणि कावळा उतरला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तुझा चेहरा मात्र मला आठवतो, शाळेत पट्टी खाऊन आल्यासारखा. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, बोलले नाही.

त्याआधीच्या वर्षीची दिवाळी तू विसरला नसशील. नवी नोकरी, नवा कोट, आणि नाशिकहून कौतुकाने आणलेलं सल्फेट खताचं पोतं. ते तू परस्पर मरोळला भिकाजीच्या वाडीवर टाकलंस, एका वाफ्याला घालून बघ म्हणालास. जेवताना भाऊंना सांगितलंस. झाडाला काय कळतंय भाऊ, नत्र शेणातून आलं की पोत्यातून, असं म्हणालास. त्यात चूक काय होती, मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. पण भाऊंनी ताट पुढे सारलं. तुझ्या पोत्यातलं माझ्या ताटात कधी येणार नाही, हे त्यांचं वाक्य आणि पहाटे उठून तुझं निघून जाणं. तेरा महिने तुझी कार्डं आली ती माझ्या नावाने. खाली “भाऊंना नमस्कार” एवढं असायचं. ते तेवढंच वाचायचे आणि कार्ड खुंटीच्या तारेला लावायचे.

त्यांच्या भाजीच्या वेडाला आपण सगळेच हसायचो. दर रविवारी पिशवी घेऊन चकाल्यावरून मरोळपर्यंत चालत जायचं, भिकाजीकडून शेणखतावरची म्हणून बाजारापेक्षा आणा जास्त देऊन भाजी आणायची. पोटाचं दुखणं सुरू झाल्यावर तर हे वेड फारच वाढलं. स्टेशनजवळच्या भाजीला ते औषधाची भाजी म्हणायचे. खरं सांगू, ती भाजी खरंच जास्त चांगली असायची की दोन कोस चालून आल्यावर भूक लागायची, हे मला कधी ठरवता आलं नाही. पालक बारीक, भोकं पडलेला, पण परतला तरी जवळजवळ तेवढाच राहायचा. बाजारचा पालक पातेलंभर घातला तर वाटीभर उरतो, बाकी सगळं पाणी.

आता जे लिहायचंय ते लिहिते. तू गेल्यावर महिनाभरातच पालक बदलला. पानं हाताएवढी, काळीशार, एकही भोक नाही, आणि पातेल्यात पाणीच पाणी. पुरुष खातात, बायकांना शिजवताना कळतं. भाऊ मात्र म्हणायचे, “यंदा भिकाजीने शेणखत सढळ हाताने घातलंय.” संक्रांतीला वाल आणायच्या निमित्ताने मी एकटी वाडीवर गेले. पालकाच्या ओळींमधून साखरेसारखे पांढरे दाणे पडले होते. तुझं पोतं. भिकाजी खाली मान घालून उभा राहिला. मी त्याला रागावले नाही. यांना सांगू नकोस, एवढंच म्हणाले. आता कळलं तर ते ही भाजीही सोडतील, आणि तुझ्यावरचा राग उलट दुप्पट होईल, असं मला वाटलं. भिकाजी म्हणाला, “बरं वैनी, न्हाय सांगत.” मग वर्षभर मी तुझ्या खताचा पालक भाऊंना वाढत राहिले. ते वाटी पुसून खायचे. सुरुवातीला मला मनातून हसू यायचं, बापलेकाचं भांडण मी स्वयंपाकघरात परस्पर मिटवलं म्हणून. अगदी शहाणी समजत होते मी स्वतःला.

पुढे त्यांचं पोट बिघडत गेलं तसं ते हसू पार विरलं. मार्गशीर्षात ते अंथरुणाला खिळले तेव्हा रोज वाटायचं, मीच हे खाऊ घातलं. घाबरू नकोस आणि भलतं मनात आणू नकोस, म्हणूनच आधी सांगते: मी डॉक्टरांना विचारलं. सगळं सांगून विचारलं, शरम सोडून. ते म्हणाले, ती पोटातली गाठ तीन-चार वर्षांची होती, त्याचा भाजीशी काही संबंध नाही, कोणत्याही भाजीने ती आली नसती आणि कोणत्याही भाजीने गेली नसती. हे वाक्य मी तुझ्यासाठी दोनदा म्हणवून घेतलं. डॉक्टरांचं डोक्याला पटलं. मनाला पटायला वेळ लागतो. शेवटच्या आठवड्यात त्यांना नुसतं पालकाचं पाणी उतरायचं, आणि प्रत्येक चमच्याला वाटायचं की आता सांगावं. नाही सांगितलं. तार तुला वेळेवर केली असती तर तू पोचला असतास, पण उद्या बरं वाटेल, परवा वाटेल, यात मी दोन दिवस घालवले. त्याची माफी मी तुझ्याकडे मागते, जयवंत. ती आईने लेकाकडे मागू नये म्हणतात, तरी मागते.

म्हणून दहाव्याला, तू नोकरी सोडतो म्हणालास ना, त्याच घटकेला मी मागे उभी राहून मनात म्हणत होते, अहो, वर्षभर मी तुम्हाला फसवलं, तो पालक जयवंतच्या खताचा होता, मला क्षमा करा. आणि कावळा उतरला. आता सांग, तो तुझ्या शब्दाला उतरला की माझ्या? कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते म्हणतात, इथे तर एका कावळ्याला दोन फांद्या झाल्या. त्या दिवशी हे बोलायची हिंमत झाली नाही. तू मात्र नाशिकला गेलास आणि राजीनामा लिहायला बसलास.

तुझं पत्र आल्यावर मला राहवेना. काल कुंदाला घेऊन मरोळला गेले. तेराव्याला महिना झाला नाही तोवर बाई बाहेर पडली म्हणून चाळीत आज कुजबुज चालू आहे. म्हटलं, भिकाजीला तरी सांगावं की मी यांच्यापाशी सगळं कबूल केलं, आता तुझ्यावर ओझं नको. विहिरीच्या काठावर एक घडी घातलेलं पोतं होतं, तुझ्या कंपनीचा निळा शिक्का असलेलं. मी त्यावर बसायला गेले तर भिकाजी म्हणाला, “वैनी, ते भाऊंचं हाय, त्यावरच बसायचे.” मग तो एकदम रडायलाच लागला. भाऊंना सगळं ठाऊक होतं, त्यानेच सांगितलं. तू गेल्यावर तिसऱ्याच रविवारी त्यांनी ते पोतं पाहिलं होतं. शिक्का वाचला. दोन वाफे होते, एक शेणाचा, एक तुझ्या खताचा. भिकाजीने सवयीने शेणाच्या वाफ्यातला पालक खुडायला घेतला तर म्हणाले, त्यातला नको, पोराच्या वाफ्यातला दे. आणि आणा जास्त दिला, नेहमीसारखा. भिकाजी नको म्हणाला तर म्हणाले, माझ्या मुलाच्या हातचं आहे, त्याला आणा जास्त पडणारच. वर्षभर ते त्याच वाफ्यातलं आणत होते. आणि भिकाजीला बजावलं होतं, घरी कळू देऊ नकोस. म्हणाले, मी बोललेला शब्द मीच त्याच्यासमोर मागे घेणार, तो दिवाळीला येईल तेव्हा. गेल्या दिवाळीसाठी त्यांनी तो वाफा मुद्दाम नव्याने पेरून घेतला होता. तुला तिथे नेऊन दाखवायचा होता. तू आला नाहीस. मी तुला ये म्हणून लिहिलं नव्हतं, भाऊ रागावतील म्हणून.

एका ओळीत बसून आम्ही दोघं वर्षभर तोच पालक खात होतो, आणि एकमेकांपासून लपवत होतो. दोघांपैकी एकाने जरी तोंड उघडलं असतं तर तू घरी असतास. हे मला आता जन्मभर पुरेल. पण तुझ्या गळ्यात ते नको, म्हणून हे पत्र लिहिलंय. तुझ्या वडिलांना तुझी नोकरी सुटायला नको होती. तुला ते काम नको झालं असेल तर खुशाल सोड, कावळ्याच्या नावाने सोडू नकोस. तो दिवाळीचा वाफा अजून तसाच आहे, पालकाला तुरे आलेत, भिकाजी उपटत नाही. बुडाशी थोडी कोवळी पानं आहेत, एका वेळची होतील. पहिली तारीख व्हायच्या आत एका रविवारी ये. आपण दोघं चालत जाऊन ती आणू. भाऊंचा पाट मी अजून उचललेला नाही, जेवायला त्यावर तू बस.

तुझीच,
आई