चौथ्या मजल्याची लाइन

मंगळवार, ४ मार्च

परत गेलं! वरून हाक आली, "अरे, आहेस का? नेट गेलं बघ!" मी भरल्या ताटावरून उठलो. ताई म्हणाली, "हात तरी धू." भावजी पेपरातून मान वर न काढता, "ह्याचं कॉलेज अर्ध्यात तुटलं, आता लोकांच्या वायरी जोडतोय." दोघं हसले. हसा!

चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत नेट आलेलंही. नेहमीचंच. तिच्या खोलीचं दार सताड उघडं, लॅपटॉप पलंगावर आणि पडद्यावर तो — जिच्यासाठी मी जिने चढतो तिचं ज्याच्याशी लग्न ठरलंय तो! चित्र अजून गोठलेलं. तोंड वासलेलं, एक डोळा मिटलेला. म्हटलं, असाच राहा बाबा जन्मभर. आजपासून ह्याचं नाव वासू.

बुधवार, ५ मार्च

दुकानातून दोन नवे जॅक आणले. दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर लोकांचे कीबोर्ड झटकतो त्याचा एवढा तरी उपयोग. वायरलेस तिच्या खोलीपर्यंत पोचत नाही, मधली भिंत जाड आहे. म्हणून हॉलमधल्या राउटरच्या डब्यापासून खोलीत वायर ओढलीय. दोन्ही टोकं कापून नवे जॅक बसवले. रीस्टार्ट केलं. पोर्ट बदलला. झकास चाललं!

ती शेजारी उकिडवी बसून टॉर्च धरत होती. म्हणाली, "हे असंच चालू राहिलं ना, तर लग्न मोडेल माझं. आम्ही भेटलोय दोनदाच. बाकी सगळं ह्या वायरीवर. आणि त्याला वाटतं, मी मुद्दाम कापते." हसली.

मी नाही हसलो. मी विचार करत होतो.

(संध्याकाळी परत गेलं.)

शुक्रवार, ७ मार्च

आज कंपनीचा माणूस आला होता. सकाळी! सकाळी कधी जातं का? मशीन लावलं, "इथून सगळं ओके दाखवतंय मॅडम," आणि चहा पिऊन चालता झाला. पण ती त्याच्याशी कशी बोलत होती — "अहो, जरा बघता का?" "अहो, बसा ना." अहो! आणि मला? "अरे, तेवढं धर. अरे, तो स्टूल दे." हे ताईला सांगितलं तर म्हणाली, "परक्या माणसाला अहो म्हणतात, गाढवा." मग नवऱ्याला का म्हणतात? उत्तर भावजींकडे होतं. म्हणाले, "तेच तर."

रविवार, ९ मार्च

आज नेट एकदाही गेलं नाही. वासू कुठेतरी प्रवासात आहे म्हणे, बोलणं नव्हतं. म्हणजे मलाही कुणी बोलावलं नाही. इतका रद्दड रविवार आजवर बघितला नाही.

सोमवार, १० मार्च

सगळं कळलं. आणि सगळं घालवलं.

तिच्या मावशी (ती त्यांच्याकडेच राहते) म्हणाल्या, "दिवसभर ऑफिसचं काम करते तेव्हा जात नाही रे. त्याच्याशी बोलायला बसली की जातं. आता हिला दृष्ट लागलीय की काय!" माझे कान गरम झाले. हो, लागली असेल. माझीच!

पण म्हटलं, आज इथेच बसायचं. हॉलमध्ये डब्यासमोर मांडी घातली. ती आत गेली. दार लावलं. हिरवा दिवा फडफडला, विझला! आतून "हॅलो? हॅलो?" दार उघडून बाहेर आली, "गेलं—" आणि दिवा लागलेला.

दार!

बिजागरीपाशी बघितलं. वायर चौकटीतून आत गेलीय आणि दार लावलं की तिथेच चेमटते. पार पट्टी झालीय तिची. दिवसभर दार उघडं, नेट चालू. वासूशी बोलायला दार लावलं की बंद. एवढंच!

ही वायर बोटात धरून तिला दाखवायची की नाही? सरळ गोष्ट होती. पण मी आत पाहिलं. पडद्यावर तो, केस नीट विंचरलेले, भांगबिंग. आणि माझ्या तोंडून निघालं, "दार उघडं ठेवून बोलत जा. मग नाही जाणार."

"म्हणजे?"

"म्हणजे एवढं काय बोलायचं असतं दार लावून?"

ती पांढरीफटक पडली. "मी दार कधी लावायचं ते आता तू सांगणार? कोण तू?" मावशी म्हणाल्या, "अरे, जिभेला काही हाड!" मी चपला हातात घेऊनच उतरलो.

वायरीचं सांगायचं राहिलंच.

मंगळवार, ११ मार्च

नाही गेलो. छताकडे कान. हाक आली नाही. पण गेलंच असणार — दार लावल्यावर जाणारच! बिघाड काय आहे ते जगात फक्त मला माहीत आहे. मी गप्प बसलो की झालं. वासू चिडेल, फुगेल, मग एक दिवस कंटाळेल. मला काही करायचंच नाहीये. नुसतं बसायचंय. तसंही मी घरी बसलेलाच आहे, भावजींना विचारा.

बुधवार, १२ मार्च

जिन्यात भेटली. डोळे सुजलेले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो म्हणतो, बोलायचंच नसेल तर स्पष्ट सांग."

एक मजला उतरेपर्यंत मी खूश होतो. खरंच, शीळसुद्धा घातली. मग ते डोळे आठवले. घाण वाटली स्वतःची.

भावजींकडे ड्रिल मागितलं. कधी नव्हे ते काही न विचारता दिलं. वर गेलो, मावशींना म्हटलं, "भिंतीला एक भोक पाडू का?" त्या म्हणाल्या, "पाड. डोक्याला पाडण्यापेक्षा बरं." चौकटीच्या वरून भोक पाडलं, नवी वायर आत घेतली, क्लिपा ठोकल्या. धूळ, नुसती धूळ. जुनी वायर काढून तिच्या हातात दिली. त्या चपट्या जागेवरून तिने अंगठा फिरवला.

"हे होतं होय? मग त्या दिवशी नीट का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. दार उघडं ठेव म्हटलं."

"ते वेगळं सांगितलंस तू."

मी भोकातली धूळ फुंकली. ती म्हणाली, "मग? लावू आता?"

"लाव."

लावलं. बोलायला बसली ती. दिवा हिरवा तो हिरवाच! माझ्याच हाताने, माझ्याच ताकदीने, क्लिपा ठोकून — दोघांची सोय करून दिली मी. असा मूर्ख शोधून सापडायचा नाही.

शनिवार, १५ मार्च

एकदाही गेलं नाही. तास तास बोलतात. दुकानात मालक म्हणाला, "अरे, कीबोर्ड आहे तो, खलबत्ता नाही!" काम इतकं पक्कं केलं मी! कुठे एक क्लिप सैल ठोकली असती तर?

बुधवार, १९ मार्च

लग्न मोडलं. तिनेच मोडलं!

मावशींनी जिन्यात गाठून सांगितलं. आवाज अगदी खणखणीत येत होता म्हणे, बाहेर हॉलपर्यंत. तो म्हणाला, इथून पुढे बोलताना दार उघडं ठेवायचं. तुझ्याकडे रोज कोण येतं-जातं ते मला दिसलं पाहिजे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि लॅपटॉप मिटला.

माझ्यावर! वासू माझ्यावर जळत होता!

मी नाचायला हवं होतं. त्याऐवजी कसंबसं म्हटलं, "मावशी, मी येऊ का वर?"

त्या म्हणाल्या, "कशाला रे? आता काही बिघडलेलं नाही."