मी मुद्दाम वाकून उभा राहिलो, त्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
कामगार आजारफंड कचेरी, डिमोना (इस्रायल)

दिनांक : १२ मार्च १९७५

विषय : पाठ सरळ करण्याचा पाण्यातील व्यायाम पुन्हा सुरू करण्याबाबत.
संदर्भ : व्यायाम बंद केल्याचे आपले २ मार्चचे पत्र.

महोदय,

आपण मूळचे रेवदंड्याचे असल्याचे कळले, म्हणून मराठीत लिहीत आहे. हिब्रूत दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागते, आणि ही बाब दुसऱ्याच्या कानावर जाऊ नये.

१. मी कापड गिरणीत अकरा वर्षे गाठी उचलल्या. पाठीला बाक आला, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून मला फाटकावर बसते काम मिळाले आणि दर मंगळवारी गरम पाण्याच्या तलावात व्यायाम. तेथील निलीबाई छातीभर पाण्यात चालवीत. महिन्यातून एकदा बाहेर भिंतीला पाठ लावून उभे करीत व डोके भिंतीपासून किती दूर राहते ते मोजून लिहीत.

२. हा कागद कोठे जातो, असा मला संशय आला. पुढे निलीबाईंनी गिरणीचे फोरमन शमुएल यांच्या हाती एक पाकीट दिलेले मी स्वतः पाहिले. पाठ सरळ झाली की मला पुन्हा गाठींवर पाठवणार, हे मी ओळखले. म्हणून पाण्यात मी सरळ चालत असे, परंतु मापाच्या वेळी तिन्ही खेपेस मुद्दाम वाकून उभा राहिलो.

३. त्या पाकिटात निलीबाईंच्या लग्नाचे आमंत्रण निघाले. सध्या गिरणीच्या कॅन्टीनच्या भिंतीवर लावलेले आहे. मात्र आत आणखी एखादा कागद नव्हताच, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

४. सुधारणा नाही म्हणून आपण व्यायाम बंद केलात. यात चूक माझी आहे. परंतु गेल्या महिन्यात माझी पत्नी रिबेका टॉवेल घेऊन तलावावर आली आणि मला पाण्यात उभा पाहून म्हणाली, "अहो, तुम्ही माझ्यापेक्षा उंच आहात, हे मी विसरूनच गेले होते." आता दहा दिवसांत मान पुन्हा पुढे यायला लागली आहे. तिला ते दिसते.

५. तरी माझे माप पुन्हा घ्यावे. ते आपण स्वतः घ्यावे, दार लावून, आणि फोरमनसाहेब त्या आवारात नसावेत. उत्तर घरच्या पत्त्यावर द्यावे, गिरणीच्या नव्हे. मला गाठींवर पाठवण्याचा बेत असल्यास तसे आधी लेखी कळवावे. तसे कळवलेत, तरीही मी सरळच उभा राहीन.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला, नम्र,
बेझालेल शौल झिराडकर

सोबत : आपल्या पत्राची नक्कल.