हौदातली फळी

वैशाख, मंगळवार संध्याकाळ. दौलताबादचा मळा.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी आणि हे या हौदाच्या काठावर अंजिरं खात बसलो होतो. पाण्यात बेडकांची अंडी भिजवलेल्या साबुदाण्यासारखी तरंगत होती आणि भेकांची, म्हणजे त्या खरबरीत अंगाच्या जातीची, काळ्या मण्यांच्या पोतीसारखी लांबच लांब. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी टॅडपोल, बेडकाचं शेपटीवालं पिल्लू, फळ्यावर काढला होता. जिवंत टॅडपोल मी इथंच पाहिला. "जावा-जावा एकाच खोलीत बाळंत झाल्यात बघ," हे म्हणाले. मग पिल्लांना वर येता यावं म्हणून यांनी हौदात एक फळी तिरकी टेकवली.

हे गेल्यापासून फळी मीच टेकवते.

आज राखणदाराची बायको मंदा म्हणाली, "बाई, पाणी लई शेवाळलंय. उपसून हौद घासू का?"

"नको गं. पिल्लांना पाय फुटू देत."

"सुनेचं बाळंतपण बी एवढं जपलं नसंल तुम्ही!"

हसलो दोघी. पण उद्या मला हृदयाच्या ऑपरेशनसाठी शहरात जायचंय. नाहीच परत आले तर? मुलगा वाईट नाही, पण त्याला स्वच्छतेची फार घाई. दरवर्षी वैशाखात हौद घासायला निघतो, मीच अडवते. फळी दिसली तर तीही बाहेर फेकेल.

म्हणून लिहून ठेवते. पाटल्या सुनेला. यांचं घड्याळ मुलाला, मळाही त्याचाच. फळी मात्र मंदाला. शेवटचं पिल्लू फळीवरून चढून गेलं, असं तिनं सांगेपर्यंत हौदाला कुणी हात लावायचा नाही.