पेन्सिलीचे तीन ठोके मागे घेण्याबाबत

गोपनीय. पोच मिळावी.

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
जादूगार मंडळ, परीक्षा विभाग,
पहिला मजला, जिना संपताच उजवीकडची खोली (आरशांच्या कपाटाशेजारी).

अर्जदार: सभासद क्रमांक २१२, सहायक वर्ग.
मंचावरील नाव: नाही. पेटीत बसणाऱ्या व्यक्तीला मंचावरील नाव देण्याची मंडळात पद्धत नाही.

विषय: कौशल्य परीक्षेत ज्येष्ठ परीक्षकांनी मारलेले तीन ठोके रद्द करून अर्जदाराची फेरपरीक्षा येत्या तीन तारखेला, सकाळी अकरा वाजता, मंडळाच्या मोठ्या सभागृहात घेण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा मागील महिन्याचा तक्रार अर्ज.
२) त्यावर आपले एका ओळीचे उत्तर.

महोदय,

१. अर्जदार गेली एकोणीस वर्षे आपल्या मोठ्या दिरांच्या खेळात सहायक म्हणून काम करत होती. मोठे दीर म्हणजे मंडळात सगळे ज्यांना ‘उस्ताद’ म्हणतात ते, आपले ज्येष्ठ परीक्षक. त्यांचा गाजलेला खेळ आपण पाहिलेला आहे. बाई पेटीत जाते, पेटी चारी बाजूंनी उघडतात, पेटी रिकामी असते, आणि थोड्या वेळाने तीच बाई सभागृहाच्या मागच्या दारातून हसत आत येते. या खेळावर उस्तादांनी वार्षिक स्पर्धेचे अकरा चषक जिंकले. एकाही चषकावर बाईचा उल्लेख नाही. एका बक्षीस समारंभाच्या फोटोत तिची डावी चप्पल आली आहे, तो फोटो मंडळाच्या जिन्यात लावलेला आहे, येता-जाता पाहावा.

२. अर्जदाराने मागील महिन्यात जादूगार वर्गाची परीक्षा दिली. उत्तीर्ण झाल्यास तिला स्वतःच्या नावाने खेळ करण्याचा परवाना मिळणार होता. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तिला एवढेच हवे होते. कोणाचे काही काढून घ्यायचे तिच्या मनात नव्हते, तेव्हा तरी.

३. परीक्षेचा नियम आपल्याला तोंडपाठ असला तरी अर्जात लिहावा लागतो. टेबलापलीकडे तीन परीक्षक बसतात. प्रत्येकाकडे एक पेन्सिल आणि चिठ्ठ्या असतात. परीक्षार्थी तीन प्रयोग करते. युक्ती दिसली तर परीक्षकाने पेन्सिलीचा एक ठोका मारायचा आणि काय दिसले ते लगेच चिठ्ठीवर लिहून इतर दोघांना वाचायला द्यायचे. प्रयोगागणिक एक असे तीन ठोके एकाच परीक्षकाने मारले आणि तिन्ही चिठ्ठ्या बरोबर निघाल्या, तर परीक्षार्थी नापास.

उस्तादांच्या तीन चिठ्ठ्यांवरचा मजकूर असा. (नियम ७ प्रमाणे युक्ती अर्जात लिहिता येत नाही, म्हणून जागा कोऱ्या सोडल्या आहेत.)

पहिली: ‘पेला हिच्या डाव्या ............ मध्ये.’
दुसरी: ‘दोरीचे दुसरे टोक ............ खाली.’
तिसरी: ‘अंगठी ............ , तीही आधीपासून.’

तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. अर्जदाराची तक्रार इथूनच सुरू होते.

४. वेळनोंद तपासावी. पेल्याचा प्रयोग अकरा वाजून पाच मिनिटांनी सुरू झाला. ठोका अकरा पाचलाच पडला. पेला नाहीसा झाला अकरा सातला. म्हणजे टेबलावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभा असलेला पेला उस्तादांना दोन मिनिटे आधीच नाहीसा झालेला दिसला. दोरीच्या वेळी ते चष्मा काढून रुमालाने पुसत होते. अंगठीच्या वेळी तर ते उठून खिडकी लावायला गेले होते, आणि तिसरा ठोका त्यांनी अर्जदाराकडे पाठ करून खिडकीच्या चौकटीवर मारला. शेजारी बसलेले परीक्षक, पत्त्यांचे मास्तर, तेव्हा म्हणाले, “मला तर बुवा काहीच दिसलं नाही.” त्यावर उस्ताद खिडकीजवळूनच म्हणाले, “तुला दिसायला आधी तू तिकडे बघायला हवंस, मास्तर.” सगळे हसले. अर्जदारही हसली, कारण हात रिकामे होते आणि चेहऱ्याचे काहीतरी करणे भाग होते.

४-अ. उस्तादांना दिसले नाही. त्यांना माहीत होते. या तिन्ही युक्त्या अर्जदाराने स्वतः शोधल्या, त्यांच्याच खेळासाठी, त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर. दोरीची युक्ती त्यांना शिकवायला तिला चार महिने लागले. पाचव्या महिन्यात ते तिला म्हणाले, “आता मला जमलं, तू मला बघून शीक.”

५. (हा परिच्छेद चिडून लिहिला होता. खोडला आहे. खालचे अक्षर वाचता येत असल्यास वाचू नये.)

६. निकालानंतर जिन्यात उस्ताद अर्जदाराला जे म्हणाले ते जसेच्या तसे देत आहे, कारण पुढच्या विनंतीचे मूळ त्यात आहे. “अगं, रागावतेस कशाला? पेटीत बसणं हीसुद्धा कलाच आहे. प्रत्येकाची एक जागा असते. तुझी मी एकोणीस वर्षं सांभाळली.”

अर्जदार म्हणाली, “भावजी, खिडकीतून तुम्हाला नक्की काय दिसलं?”

“तूच दिसलीस. मला तू न बघताही दिसतेस.” आणि खांद्यावर थोपटून ते खाली गेले. मागून येणाऱ्या दोघांनी मान हलवली की माणूस किती मोठ्या मनाचा.

७. अर्जदाराने आपल्याकडे तक्रार केली. आपले उत्तर आले: ‘परीक्षकास युक्ती दिसली की आधीच माहीत होती, हे तपासण्याची सोय मंडळाकडे उपलब्ध नाही.’

उत्तराबद्दल आभार. सोय नाही हे खरेच आहे. ती सोय आता अर्जदार करून देत आहे, मंडळाला कसलाही त्रास न देता.

८. येत्या तीन तारखेला उस्तादांची फेरतपासणी आहे. साठी ओलांडलेल्या जादूगाराला दर पाच वर्षांनी आपला मुख्य खेळ तीन परीक्षकांपुढे पूर्ण करून दाखवावा लागतो. खेळ अर्धवट राहिला किंवा जादूगाराने स्वतःच युक्ती उघड केली, तर त्याचे नाव ‘आदरणीय सभासद’ यादीत जाते. आदरणीय सभासदाला पुढच्या रांगेत खुर्ची मिळते, पेन्सिल मिळत नाही.

उस्तादांचा मुख्य खेळ पेटीचा. आणि पेटीत बसायला आता कोणी नाही.

मागच्या आठवड्यात अर्जदाराला जाऊबाईंचा फोन आला. “अगं, यांची तपासणी तोंडावर आलीय. नवीन बाई आणली ती पेटीत शिंकते. भुसा सोसत नाही म्हणे तिला. दुसरी आणली, ती आत जाते पण परत यायला सव्वातीन मिनिटं लावते, तोवर लोक घड्याळं बघतात. तू बसशील का? एकदाच. घरचंच तर काम आहे.”

अर्जदार म्हणाली, “भावजींनी सांगितलंय का?”

“त्यांनी कशाला सांगायला हवं? ते म्हणाले, ती येईलच, न येऊन जाते कुठे.”

अर्जदाराने लगेच हो म्हटले. संमतिपत्र सोबत जोडले आहे. त्यावरच्या सहीचे अक्षर नेहमीपेक्षा बरे आले आहे.

९. तर विनंती अशी. तीन तारखेला, त्याच वेळी, त्याच पेटीत अर्जदाराची फेरपरीक्षा घ्यावी. प्रयोग एकच. त्याचे नाव ‘बाई परत येत नाही’.

प्रयोगाचे स्वरूप: अर्जदार नेहमीप्रमाणे पेटीत जाईल. पेटी चारी बाजूंनी उघडली जाईल. पेटी रिकामी असेल. इथपर्यंतचे श्रेय उस्तादांनी खुशाल घ्यावे. त्यानंतर ते मागच्या दाराकडे हात करतील. अर्जदाराला तिथे पोचायला एक मिनिट दहा सेकंद लागतात. एक मिनिट दहा सेकंद होतील. दोन मिनिटे होतील. दारात कोणी येणार नाही.

त्या वेळी अर्जदार कुठे असेल, ते इथे लिहिता येत नाही. ............ असेल, एवढेच.

१०. हा प्रयोग चालू असताना उस्ताद एकाच वेळी परीक्षार्थी आणि अर्जदाराचे परीक्षक असतील. त्यांच्या हातात कृपया पेन्सिल आणि चिठ्ठी द्यावी. अर्जदार कुठे आहे हे त्यांना पक्के माहीत असेल. जगात दोन-तीनच माणसांना माहीत आहे, त्यातले ते एक. त्यांनी बेलाशक ठोका मारावा. पण ठोका मारला की चिठ्ठी लिहावी लागेल, आणि चिठ्ठीवर लिहावे लागेल की बाई अमुक ठिकाणी आहे. ती चिठ्ठी इतर दोन परीक्षक वाचतील. म्हणजे उस्तादांनी स्वतःच्या मुख्य खेळाची युक्ती स्वतःच्या हाताने उघड केली, असे होईल.

ठोका मारला तर तपासणीत नापास. नाही मारला तर बाई परत आली नाही, खेळ अर्धवट, तरीही नापास. आणि तेव्हा अर्जदार मात्र पास, कारण तिला कोणी पकडलेले नसेल.

एखादी गोष्ट आधीपासून माहीत असण्याचा उपयोग किती, हे त्यांना सगळ्यांसमोर उभे राहून मोजता यावे, एवढीच अर्जदाराची इच्छा आहे.

११. हा अर्ज वाचून उस्तादांना सावध करावे असे आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपण दोघे शनिवारी एकत्र चहा घेता. परंतु हा आता एका परीक्षार्थीचा नोंदलेला प्रयोग आहे. परीक्षार्थीची युक्ती परीक्षेआधी परीक्षकाला सांगणारा पदाधिकारी नियम ७ प्रमाणे पदावरून दूर होतो. तो नियम आपल्याच सहीने लागू झाला होता. शनिवारी चहा घ्यावा, इतर विषय बोलावे.

१२. कोणी घाबरून सुतार बोलावू नये. सुतार म्हणजे अर्जदाराचे पती. पेटी त्यांनीच बनवली आहे. या प्रकरणी त्यांचे म्हणणे, “मला दोघांच्या मध्ये ओढू नका, मी लाकडाचं तेवढं बघतो.” मात्र परवा त्यांनी न सांगता आतल्या कडीला तेल दिले. त्या कडीबद्दल अर्जदार एवढेच नमूद करते की ती बाहेरून उघडत नाही. पेटी फोडू नये, ती मंडळाच्या मालमत्ता यादीत आहे.

अर्जदारासोबत पाण्याची बाटली, दोन सफरचंदे, एक उशी आणि विणकाम असेल. अंधारात विणायची तिला सवय आहे. एकोणीस वर्षांत सोळा स्वेटर तिथेच झाले, त्यातला राखाडी उस्तादांच्या अंगावर असतो.

१३. आता बाहेर येण्याबद्दल.

पेटीच्या डाव्या बाजूला, तळापासून चार बोटांवर एक फट आहे. ती कशासाठी ते गाळले. तिथून सरकवलेला कागद अर्जदाराला मिळतो. जादूगार वर्गाचे प्रमाणपत्र लांबीत दोन घड्या घातल्या की त्या फटीतून बरोबर जाते. मोजून पाहिले आहे. दोन मिनिटे उलटली की सोबत जोडलेले ते प्रमाणपत्र आपण उस्तादांच्या हातात द्यावे आणि पुढची अट सांगावी. उस्तादांनी मंचावर, सगळ्यांसमोर, त्या प्रमाणपत्रावर सही करावी आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहावे: ‘मला दिसले नव्हते.’ मग गुडघे टेकून, वाकून, ते फटीतून आत सरकवावे. फट खाली असल्याने उभ्याने जमणार नाही. रिकाम्या पेटीत कागद सरकवणे म्हणजे युक्ती उघड करणे नव्हे, लोकांना तो खेळाचाच भाग वाटेल.

कागद हातात आल्यापासून एक मिनिट दहा सेकंदांत अर्जदार मागच्या दारातून हसत येईल. खेळ पूर्ण होईल, उस्ताद पास होतील, लोक टाळ्या वाजवतील. त्यांची पेन्सिल त्यांच्याकडेच राहील. अर्जदाराला ती नको.

तत्त्वाचा प्रश्न म्हणून सही हीच अट आहे. पण खरे लिहायचे तर, त्यांनी सही करायला वेळ लावावा अशी अर्जदाराची मनापासून इच्छा आहे. आतून त्यांच्या बुटांचा आवाज चांगला ऐकू येतो. ते घाबरले की डावा बूट आधी वाजतो. एकोणीस वर्षे तिने तो टाळ्यांच्या आवाजाखाली ऐकला. या वेळी टाळ्या नसतील. अगदी सावकाश ऐकायचा आहे.

१४. अर्ज मंजूर झाल्यास अर्जदार फेरपरीक्षा देईल. नामंजूर झाल्यास ती फेरपरीक्षा न देता, एक साधी सहायक म्हणून, घरचे काम समजून, पेटीत जाऊन बसेल. पुढचे सगळे वरीलप्रमाणेच. फरक इतकाच की तेव्हा सभागृहात कोणाला काही कळणार नाही, आणि कळवण्याची जबाबदारी हा अर्ज वाचलेल्या एकट्या माणसावर राहील.

आपली, तीन तारखेपर्यंत तरी नम्र,

(सही)
सभासद क्रमांक २१२
दिनांक: चोवीस

सोबत:
१) तिन्ही चिठ्ठ्यांच्या प्रती, कोऱ्या जागांसह.
२) वेळनोंदीची प्रत. अकरा पाच आणि अकरा सात या ओळींखाली रेघ मारली आहे.
३) पेटीत बसण्याबाबतचे संमतिपत्र.
४) जादूगार वर्गाचे प्रमाणपत्र, पूर्ण भरलेले. ‘मंचावरील नाव’ या रकान्यात अर्जदाराने स्वतःचे नाव आयुष्यात पहिल्यांदा लिहिले आहे. ते तीन तारखेआधी कोणी वाचू नये म्हणून त्यावर कागद चिकटवला आहे. तो उस्तादांनीच काढावा, आणि नाव मोठ्याने वाचावे.