सामना संपेपर्यंत

आबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलेय. पन्नाशी ओलांडली, गुडघे कुरकुरायला लागले, लेकीचं लग्न झालं, तरी मे महिना लागला की मी एकटीच पुटपुटत तुमच्याशी भांडत असते. चहा उतू जातो तरी भान नसतं. जावई म्हणतो, आई कुणाशी बोलतात? काय सांगू त्याला? माझा बाप गेला आणि जाताना मला बोलावलं नाही, हे सांगू?

जळगावातल्या त्या डाळमिलच्या मालकांना बास्केटबॉलचं भलतंच वेड होतं, म्हणून आमची टीम. सकाळी पॅकिंगला पिशव्या शिवायच्या, दुपारनंतर मिलच्या मागच्या मैदानात खेळायचं, आणि पगार दोन्हीचा. गल्लीला ते कधी पचलं नाही. लोक तुमच्या ग्रिलच्या दुकानात येऊन म्हणायचे, पोरगी चड्डी घालून उड्या मारते आणि त्याचा पगार घेते होय? तुम्ही वेल्डिंगचा चष्मासुद्धा न काढता म्हणायचात, "मारी दाखाड तू, तुलेबी दितीन." मग तो माणूस महिनाभर दुकानाकडे फिरकायचा नाही, आणि आई कपाळाला हात लावायची.

घरामागे रिंगही तुम्हीच लावून दिलीत. चेंडूला सुतळी गुंडाळून माप घेतलंत आणि वर जेमतेम बोटभर जागा सोडून सळई वाकवलीत. पहिलाच चेंडू टाकला तो वर अडकून बसला. चूक होती तुमची, सरळसरळ चूक! पण कबूल करतील ते आबा कसले! काठीनं चेंडू खाली पाडत शांतपणे म्हणालात, "आठे ल्हानमा टाक, मंग तठली मोठी दिसी." हसून हसून आईला ठसका लागला. त्या रिंगमध्ये चेंडू घालता घालता मी रडकुंडीला आले, आणि मग एक दिवस मिलच्या मैदानावर पाहते तर तिथली रिंग मला विहिरीएवढी दिसतेय. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, मी आधीच बोललो होतो.

तो हंगाम मात्र वाईट गेला. नाशिकला हरलो, अकोल्याला हरलो. कारभार आता मालकांच्या मुलाकडे आला होता आणि त्याला खेळाचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यानं आमच्या कोचबाईंना तोंडावर सांगितलं, धुळ्याची स्पर्धा जिंकली तर टीम राहील, नाहीतर पोरींना घरी बसवा. तुमची छाती तोवर पार धरली होती, दुकानाला कुलूप होतं, घर माझ्या पगारावर चाललं होतं. धाकटा भाऊ अजून कॉलेजात. निघायच्या दिवशी मी पिशवी भरली आणि परत रिकामी केली. नाही जात, तुमच्याजवळच बसते म्हटलं. तुम्ही खाटेवरूनच खेकसलात, "मनाजोडे बशीसन का चेंडू रिंगमा जास?" तेवढ्या बोलण्यानंही तुम्हाला धाप लागली. मी गेले.

फायनलच्या दिवशी धुळ्यात ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही. सामना संध्याकाळी. जेवताना बाई माझ्या ताटात स्वतः वाढायला आल्या, शेवभाजी, वर लिंबू पिळून. मी म्हटलं, आज काय माझा वाढदिवस आहे? कुणी हसलं नाही. मला वाटलं, सामन्याचं टेन्शन.

आणि मग मी मैदानात आहे. जिला पाहावं ती चेंडू माझ्याकडेच देतेय. आमची बोदवडची कॅप्टन, जिच्या हातून चेंडू सुटता सुटायचा नाही, ती रिंगखाली उभी असून मला देते आणि म्हणते, "घे गं, तू टाक." मी टाकते, जातो. पुन्हा टाकते, पुन्हा जातो. आबा, इतकी खूश मी आयुष्यात कधी नव्हते. वाटत होतं, आज आपला दिवस आहे. आम्ही जिंकलो. मी किंचाळत बाईंच्या गळ्यात पडले तर त्या रडत होत्या. आनंदानं रडताहेत म्हणून मी त्यांचे डोळे पुसायला लागले. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "आधी खाली बस. आबा सकाळीच गेले गं."

भावाचा फोन सकाळीच आला होता. माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. तुम्हीच बजावलं होतंत ना, "ती खेयी ऱ्हायनी, तिले बलावू नका." धुळ्याहून जळगाव लांब आहे का हो? पहिली गाडी धरली असती तर तुमचं तोंड दिसलं असतं. पण मे महिना, देह घरात ठेवणार तरी किती वेळ! विहारातली मंडळी आली, त्रिसरण झालं, दुपारच्या आत सगळं उरकलं. मी पोचले तेव्हा अंगण धुऊन वाळलंसुद्धा होतं. मी आईला गदागदा हलवलं, का गं नाही कळवलंस? ती म्हणाली, "ते ऐकतात का कुणाचं?" ऐकतात म्हणाली, आबा, ऐकायचे नव्हे. अजून तिच्या तोंडात तुम्ही होतात.

टीम राहिली, पगार राहिला. भाऊ शिकला, मास्तर झाला. लोक म्हणतात, आबांनी पोरीचं भलं केलं. मी मान डोलावते आणि आतून जळते. कुणी विचारलं होतं तुम्हाला? बाप माझा होता. येऊ की खेळू, हे मला विचारायला नको?

आता हा कागद पाठवू कुठे? राहील इथेच, घडी करून पिठाच्या डब्याखाली. म्हणून लिहून टाकते. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मला कळलं असतं तर मी अनवाणी धावत आले असते. खरं सांगू? मला माहीत नाही. तुम्ही विचारलं असतंत तर मी कदाचित खेळते म्हटलं असतं. तुम्ही मला ओळखून होतात, आबा, म्हणूनच विचारलं नाहीत.