आधी दोर, मग बोंबील

गुरुजी, तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली, पण गेल्या साली एका कंपनीच्या चौकशीत तुमचा उल्लेख लिहिला गेला, आणि त्या कागदाखाली साक्षीदार म्हणून सही माझी आहे. हे तुम्हाला सांगायला दुसरं कोण येणार? मी नवापूरच्या शाळेतला, चौथी अर्धी टाकलेला. एका जागी बूड ठरत नाही म्हणून तुम्ही ज्याला डोलकाठी म्हणायचात, तोच. आता राजस्थानात आहे. दोन दिवस आगगाडी, मग अर्धा दिवस ट्रक, आणि उतरलं की चहूकडे वाळू. वाळू बघून पहिल्या दिवशी मला वाटलं, पलीकडे समुद्र असणार. नाही. पलीकडे पुन्हा वाळूच. इथे त्याच कंपनीचं कालव्याचं काम चाललंय. आज रविवार, सुट्टी, पत्र्याच्या खोलीत बसून लिहितोय.

शाळा आठवते ती वासाने. शाळेच्या मागे बोंबील सुकवायचे दोर, आणि तुम्ही घाटावरून आलेले. वारा फिरला की उपरणं नाकाला लागायचं. तरी आम्हाला अक्षर शिकवलंत ते त्याच दोरांवरून. आम्ही अक्षरं काढून वर तुटक तुटक रेघा मारायचो. तुम्ही एके दिवशी सगळ्यांना बाहेर काढलंत आणि दोराखाली उभं केलंत. "तुमच्या आया काय करतात? आधी बोंबील हवेत धरतात आणि मग वर दोर बांधतात?" आम्ही हसलो. "आधी दोर. या टोकापासून त्या टोकापर्यंत, ताणून. मग एकेक अक्षर लटकवा. दोर तुटला की बोंबील वाळूत आणि वाळूतला बोंबील कुत्र्याचा." दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगलेले होते, त्यांच्याकडे छडी करून म्हणालात, "आणि हे जोडाक्षर." तेव्हापासून तुमच्या पोरांच्या वहीत ओळभर एकच रेघ, शब्द संपला तरी न तुटणारी. असं लिहिणारी माणसं मी नंतर कुठेच पाहिली नाहीत. ना बोईसरला, ना इथे.

माझ्या पाटीचा जोडीदार तुम्हाला आठवत असेल. दोघांत एक पाटी, अर्धी त्याची, अर्धी माझी. एकदा त्याचं गणित मी लिहून दिलं आणि तुम्ही पाटी हातात घेताच माझाच कान धरलात. तो म्हणाला, "गुरुजी, अक्षर तर दोघांचं एकच हाय, तुमाला कसं कळलं?" तुम्ही म्हणालात, "जगाला एकच दिसेल. पण याचा दोर उजवीकडे वर चढतो. डोलकाठी आहे ना. तुझा सरळ आहे. तुमच्या दोघांची अक्षरं वेगळी काढणारा मी एकटाच, माझ्यामागे सांभाळून राहा रे." सगळी शाळा हसली होती. नंतरच्याच पावसाळ्यात तुम्ही तापाने गेलात, दुसरे गुरुजी लवकर आले नाहीत, मी होडीवर गेलो आणि तोही.

मग तारापूरला बिजलीघराचं काम निघालं आणि बोईसर स्टेशनापासून माणसांची आणि ट्रकांची रीघ लागली. आम्ही दोघंही होडी सोडून एका कंपनीत लागलो. कंपनी लहान, तिच्याकडे फक्त पाम गावाकडच्या माळावर कामगारांच्या चाळी बांधायचं काम होतं. पण नियम तिचे मोठे. गेटावर पांढरी पाटी, तिच्यावर नीतीचे नऊ नियम. चौथा, कोणाकडून भेटवस्तू घेऊ नये. सहावा, गैर दिसल्यास चिठ्ठी लिहून पेटीत टाकावी, तक्रार करणाऱ्याला नाव विचारलं जाणार नाही. नववा, खोटी तक्रार करणाऱ्यास कामावरून काढलं जाईल. शेजारी लाल पेटी, टपालाच्या पेटीसारखीच. एका म्हाताऱ्या विटावाल्याने तर पहिल्या आठवड्यात गावी धाडायचं पोस्टकार्ड तिच्यात टाकलं. ज्यांना वाचता यायचं नाही त्यांना सोमवारी सकाळी नियम मोठ्याने वाचून दाखवायचे. मला ते सगळं फार आवडलं होतं, गुरुजी. वाटायचं, ही शाळाच आहे, फक्त पगार मिळतो.

पण गेट होतं मुकादमाच्या हातात. उमरोळीच्या पूर्वेकडून, डोंगरातल्या पाड्यांवरून बायामाणसं पायी यायची, आणि मुकादम बघायचा तो हातात कोंबडी आहे की नाही. कोंबडी असली की आत. त्याच्या झोपडीमागे इतक्या कोंबड्या झाल्या की सोमवारी नियम वाचत असताना त्या आमच्या पायांतून फिरायच्या. एक बाई तीन दिवस गेटाबाहेर बसून होती. झोळीत तान्हं मूल. मी ऐकत होतो. ती म्हणत होती, "एकच हाय कोंबडी, ती अंड्यावं बसलीय. उठवू कशी?" मुकादम हसून म्हणाला, "नको उठवू बाय, पाप लागल. पिल्लं निघाली का मंग ये कामाला." चौथ्या दिवशी तिने कोंबडी आणली. पाय बांधलेली, छातीची पिसं गळालेली. ती बाई कोणाकडे न बघता आत गेली आणि घमेलं उचललं. त्या दुपारी मी सिमेंटच्या गोणीचा कागद फाडला, वर दोर ओढला आणि लिहिलं, मुकादम कोंबडी घेतल्याबिगर कामावर घेत नाय, नियम चार बघा. हो, हाय-नायच लिहिलं, घाईत. पेटीत टाकलं. कोणाला सांगितलं नाही, जोडीदारालाही नाही.

पुढच्या सोमवारी नियम वाचून झाल्यावर कंपनीचे साहेब म्हणाले, "ज्यांना लिहिता येतं त्यांनी आज पुढे यावं. प्रत्येकाने आपल्या हाताने प्रतिज्ञा लिहायची. मी कंपनीशी खरेपणाने वागेन." आम्ही सात-आठजण होतो. मला तिथल्या तिथे कळलं. चिठ्ठी ज्याने लिहिली त्यालाच ते कळणार, दुसऱ्या कोणाला कशाला कळेल? नाव विचारणार नाहीत, नियमच आहे तसा. म्हणून लिहायला लावतायत, अक्षर जुळवायला. माझा हात कागदावर गेला आणि, गुरुजी, मी आधी अक्षरं काढली. मग एकेका शब्दावर वेगळी वेगळी रेघ मारली, हापिसातला कारकून मारतो तशी. सगळे बोंबील हवेत. शेजारी माझा जोडीदार वाकून बसला होता. त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ दोर ओढला आणि खाली खरेपणा लटकवला. त्याला लपवायला काही नव्हतं, म्हणून तो सापडला.

चौकशी नियमाप्रमाणे झाली. तिघांची समिती हवी, त्यातला एक कामगारांचा साक्षीदार हवा. अक्षर स्वच्छ म्हणून साहेबांनी मलाच बसवलं. "तिथे बस, ऐक, शेवटी सही कर." आधी मुकादम आला. साहेबांनी विचारलं, कोंबड्या घेतल्यास? तो म्हणाला, "घेतल्या साहेब. पन नियमात भेटवस्तू लिवलंय. कोंबडी वस्तू हाय का? जीव हाय जीव. वस्तू म्हंजी घड्याळ, धोतरजोडी." साहेबांनी नियमांचा कागद पुढे ओढून चौथा नियम पुन्हा वाचला. मग हसले, आणि कारकुनाने लिहून घेतलं की नियम चारचा भंग झालेला नाही. नियम चारचा भंग नाही, म्हणजे तक्रार खोटी. तक्रार खोटी, म्हणजे नियम नऊ. बघा कसं जोडाक्षर झालं.

जोडीदाराला आत बोलावलं. त्याच्यापुढे चिठ्ठी आणि त्याची प्रतिज्ञा शेजारी शेजारी ठेवली. साहेब म्हणाले, "नाव विचारत नाही. एवढंच सांग, अक्षर कोणाचं?" त्याने चिठ्ठी उचलली. बघितली. मग माझ्याकडे नाही बघितलं. तेच मला सोसत नाही, गुरुजी, एकदाही बघितलं नाही. दोर उजवीकडे चढलेला त्याला दिसला असणार, एकाच पाटीवर तो माझ्याशेजारी साडेतीन वर्षं लिहीत होता. तो म्हणाला, "अक्षर आमच्या गुरुजींचं हाय." साहेब म्हणाले, "कुठे असतात ते?" "वारले." कारकुनाने मान वर केली. साहेब म्हणाले, "लिहा. अक्षर गुरुजींचं, गुरुजी मयत." असे तुम्ही त्या कागदावर आलात. त्याखाली मी सही केली, तुटक रेघेची.

त्याला त्याच दिवशी गेटाबाहेर काढलं. मी स्टेशनाच्या रस्त्यावर त्याला गाठलं. तोच म्हणाला, "जा रं डोलकाठी, हजरी जाईल तुजी." एवढंच. त्यानंतर तिथल्या एकाही कंपनीने त्याला आत घेतलं नाही. नाव गेटागेटावर पोचलं होतं. तो परत होडीवर गेला असं ऐकतो, दुसऱ्याच्या होडीवर. आणि मला बढती मिळाली. समितीत नीट बसला, मधे बोलला नाही, अक्षर कारकुनासारखं, म्हणून साहेब इथे येताना मला घेऊन आले.

इथे सोमवारी नियम मी वाचतो. इथली माणसं मला नीतीवाला म्हणतात, पाठीमागे आणि तोंडावरही. काल एकजण ओरडला, "ए नीतीवाले, बकरी चीज है कि जान?" आणि सगळे हसले. ती गोष्ट इथपर्यंत आलीय. चौथा नियम तसाच आहे, एक शब्दही कोणी बदलला नाही. पेटीही आहे आणि तिची किल्ली माझ्या कमरेला आहे. ती किल्ली टाकून पळून जावं असं रोज वाटतं. मला एका जागी बसवत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पण करार दोन वर्षांचा, आणि पळून जायचं तरी कुठे? घरी गेलो तर किनाऱ्यावर तो आहे. लोकांना वाटतं मी कामासाठी लांब आलो.

साहेबांनी एकदा सहज म्हटलं होतं, की मुख्य हापिसात चौकशा पुन्हा उघडतात, कोणी नवीन पुरावा लिहून दिला तर. तोही नियमच. म्हणजे मी लिहून दिलं की ते अक्षर माझं, तर त्याचं नाव मोकळं होईल. माझं जाईल, ते जाऊ दे. तरी सहा महिने लिहिलं नाही. चौकशीच्या खोलीत तो "वारले" म्हणाला ना, तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला होता. वाटलं, बरं झालं, गुरुजी मेले. तुम्ही जिवंत असतात तर त्यांनी तुम्हाला बोलावलं असतं, आणि तुम्ही कागद हातात घेताच माझा कान धरला असतात. जिथे वाईट वाटायला हवं होतं तिथे मला बरं वाटलं. हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

हे पत्र कुठे टाकणार? इथे एकच पेटी आहे आणि ती मीच उघडतो. बघितलंत तर कळेल, सगळं पत्र मी तुटक रेघांनीच लिहिलंय, हात आता तसाच वळलाय. पण सकाळपासून दुसरा एक कागद पुढे आहे, मुख्य हापिसासाठी. त्याच्यावर मी आधी दोर ओढला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली अजून एकही अक्षर नाही. दोर उजवीकडे वर चढलाय, गुरुजी.